चोरल नदीत महसीरचं बीज सोडावं का? स्टीलहेडचा अनुभव असलेलं कोणी आहे का इथे?

सुदामानगरचे_काका (इंदूर)

नमस्कार मंडळी. आमचा निवृत्त लोकांचा एक ग्रुप आहे. रविवारी सकाळी पोहे-जिलेबी खाऊन सिमरोल, चोरल, कालाकुंड या भागात पायी फिरतो. फिरता फिरता नदीसाठी काहीतरी करावं असं मनात आलं, आणि नेमकी एक ट्रस्ट पुढे आली. त्यांचं म्हणणं असं, की पाऊस ओसरला की महसीरची बोटभर पिल्लं आणून चोरलमध्ये सोडू. मंडप घालू, पाहुण्यांच्या हस्ते पहिली बादली ओतू. महसीर २०११ पासून मध्य प्रदेशचा राज्य-मासा आहे, नर्मदेतून तो दिसेनासा होत चाललाय, आणि चोरल पुढे बडवाहजवळ नर्मदेलाच मिळते. सगळं जुळून आल्यासारखं वाटत होतं.

आमच्यातल्या एकाचा मुलगा अमेरिकेत, ओरेगन राज्यातल्या पोर्टलंडला असतो. त्याला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, "बाबा, नका करू. इकडे स्टीलहेड माशाची याच नादात वाट लागली." झालं, ग्रुपमध्ये दोन तट पडले. पिल्लं सोडल्याने मासे कमी कसे होतील, हे मला काही केल्या उमगत नाही. दुसरं म्हणजे, सोडली तरी पुढच्या वर्षी ती जगली की नाही हे कळणार कसं? वाहत्या नदीतले मासे मोजतात तरी कसे? मी जन्मभर नोटा मोजल्या, त्या निदान जागेवर राहतात.

राजवाडा_भिया

काका, सोडा बिनधास्त! पिल्लं जगली तर पुण्य, नाही जगली तर बगळ्यांचं जेवण. एवढा विचार केला असता तर अर्ध्या इंदूरने एक झाड लावलं नसतं. आणि मंडप असेल तर नंतर कचोरीचं बघा, मी येतो.

गोटे_आणि_गाळ

काका, मी टिळकनगरची. ओरेगनमध्ये शिकत होते तेव्हा उन्हाळ्यात जॉन डे नदीच्या खोऱ्यात स्टीलहेड मोजायच्या कामावर असायचे. म्हणून जरा सविस्तर लिहिते, आणि भियाचं पुण्य तूर्त बाजूला ठेवते.

आधी मासा कोण ते बघू. स्टीलहेड आणि रेनबो ट्राउट ही एकच जात, ऑन्कोऱ्हिंकस मायकिस. काही पिल्लं जन्मभर गोड्या पाण्यात राहतात, ती रेनबो. काही साधारण दोन वर्षं ओढ्यात वाढतात, समुद्रात जातात, तिथे अंग धरतात आणि अंडी घालायला आपल्याच ओढ्यात परत येतात, ते स्टीलहेड. एकाच जोडप्याची पिल्लं या दोन्ही वाटांना जाऊ शकतात. पॅसिफिकमधले बहुतेक सॅमन एकदा अंडी घातली की मरतात. स्टीलहेडमधले काही त्यातून वाचतात, समुद्र गाठतात आणि पुन्हा येतात.

आता हॅचरीची, म्हणजे माशांची अंडी उबवून पिल्लं वाढवायच्या केंद्राची, गोष्ट. धरणं बांधली, मासे अडले, तेव्हा भरपाई म्हणून हॅचऱ्या उभ्या केल्या आणि दर वर्षी प्रचंड संख्येने पिल्लं नद्यांत ओतली. गळ टाकणाऱ्यांना मासे मिळत राहिले, म्हणून सगळं ठीक आहे असं वाटत राहिलं. जंगली मासे कमी होताहेत हे त्या गर्दीत दिसत नव्हतं. पुढे हॅचरीच्या पिल्लांच्या पाठीवरचा छोटा, शेपटीजवळचा मांसल पर कापायला लागले, तेव्हा जंगली कोण आणि पाळलेला कोण हे हातात मासा घेतल्या घेतल्या कळू लागलं.

हूड नदीचा अभ्यास सगळ्यात बोलका. तिथे पॉवरडेल नावाचं एक धरण होतं (२०१० मध्ये ते पाडलं). वर जाणारा प्रत्येक स्टीलहेड तिथे सापळ्यात यायचा आणि त्याचा खवला घेऊनच वर सोडला जायचा. खवल्यातून डीएनए मिळतो. म्हणजे कोणाचं पोर कोण, याची पिढ्यान् पिढ्यांची वंशावळ तयार झाली. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की हॅचरीत काढलेल्या प्रत्येक पिढीमागे नदीत संतती वाढवण्याची ताकद सुमारे ४० टक्क्यांनी घसरते. जे पिल्लू टाकीत खाणं पडताच पृष्ठभागावर झेपावतं ते हॅचरीत जगतं. नदीत तेच पिल्लू खंड्याच्या चोचीत जातं. वर हॅचरीत भरपूर खाऊ घालून वर्षभरातच त्यांना समुद्रात जायच्या मापाचं करतात, जंगलीला त्यासाठी जास्त वर्षं लागतात. असे मासे जंगली माशांशी जोडी करतात तेव्हा ही कमजोरी त्यांच्या पोरांतही उतरते. पिल्लं सोडून मासे कमी होतात ते असे, काका.

मोजणीचं सांगते, कारण माझा सगळा घाम त्यात गेलाय.

मादी कुशीवर आडवी होऊन शेपटीने गोट्यांत खड्डा करते, अंडी घालते, मग थोडं वर सरकून पुन्हा खणते, म्हणजे सुटलेले गोटे वाहून येऊन अंड्यांवर पडतात. त्या जागेवरचं शेवाळ निघून जातं आणि तळावर एक फिकट चट्टा उरतो, वरच्या अंगाला खळगा आणि खाली उंचवटा. त्याला रेड म्हणतात. मोजणारे ओढ्यातून चालतात, पाण्याची चकाकी कापणारा चष्मा घालतात, प्रत्येक रेडजवळच्या फांदीला तारीख लिहिलेली रंगीत पट्टी बांधतात, म्हणजे पुढच्या फेरीत तोच पुन्हा मोजला जात नाही. स्टीलहेड वसंतात अंडी घालतात, नेमकं बर्फ वितळून पाणी गढूळ असतं तेव्हा. चार फेऱ्यांत एखादी चांगली मिळाली तरी आम्ही खूश. गढूळ आठवड्यात "शून्य रेड" असं कधी लिहायचं नाही, "दिसलं नाही" असं लिहायचं. हा फरक तिथल्या गबाळ्या बुटांतल्या लोकांनी आमच्याकडून घोकून घेतला होता.

समुद्राकडे निघालेल्या पिल्लांसाठी तरंगता सापळा असतो. दोन तराफ्यांच्या मधे पत्र्याचा एक मोठा शंकू, अर्धा पाण्यात. प्रवाहाने तो फिरतो आणि आत शिरलेलं पिल्लू मागच्या पेटीत जाऊन पडतं. रोज सकाळी पेटी उपसायची, मासे गुंगीच्या पाण्यात ठेवायचे, लांबी-वजन घ्यायचं आणि पोटात पिट टॅग घालायचा. तो १२ मिलिमीटरचा, तांदळाच्या दाण्याएवढा असतो. त्यात बॅटरी नसते, पण ओढ्यात आडव्या टाकलेल्या अँटेनावरून मासा गेला की त्याचा नंबर उमटतो. जॉन डेचा मासा समुद्रात जाता-येता कोलंबिया नदीवरची तीन धरणं ओलांडतो, तिथेही तो नंबर वाचला जातो.

आता तुमच्या नोटांचा हिशोब. समजा टॅग केलेल्या पिल्लांपैकी १०० पुन्हा सापळ्याच्या वर नेऊन सोडली आणि त्यातली २० परत सापळ्यात आली. म्हणजे सापळ्याला पाचातला एक मिळतो. आठवड्यात ३०० पकडले असतील तर गेले साधारण १५००. पाणी चढलं-उतरलं की हे प्रमाण बदलतं, म्हणून ते पुन्हा पुन्हा काढावं लागतं. सगळे मासे मोजणं जमतच नाही. आपल्याला किती दिसतात आणि किती निसटतात, हे मात्र काढता येतं.

जॉन डे खोऱ्यात स्टीलहेडची हॅचरीची पिल्लं सोडत नाहीत, ते जंगली माशांसाठी राखलंय. तरी बाहेरच्या हॅचरीतले भरकटलेले मासे तिथे येतातच. मग तिथे मासे वाढवायचे कसे? ब्रिज क्रीक नावाचा एक ओढा खोल चरासारखा खचला होता, काठापासून तुटलेला. त्यात २००९ पासून शंभराहून जास्त ठिकाणी लाकडी खुंट ठोकले, त्यांत विलोच्या फांद्या विणल्या. बीव्हर (झाडं कुरतडून ओढ्यावर बांध घालणारे प्राणी) आले आणि त्यांनी पुढचं बांधकाम स्वतःच्या अंगावर घेतलं. पाणी पसरलं, भूजल वर आलं, डोह झाले. शेजारच्या मर्डरर्स क्रीकला मुद्दाम हात लावला नाही, तुलनेसाठी. (नाव भयंकर आहे, ओढा सुंदर आहे.) दोन्हीकडे वर्षानुवर्षं तीच मोजणी, त्याच पद्धतीने. ब्रिज क्रीकमध्ये पिल्लांची दाटी वाढली, जगण्याचं प्रमाण वाढलं. तिथे एकही पिल्लू बाहेरून आणलं नव्हतं.

म्हणून तुमच्या ट्रस्टला माझा पहिला प्रश्न: बीज कुठल्या जातीचं आणि कुठल्या नदीच्या आईबापांचं? नर्मदेची ओळख टोर टोर ही महसीर. लोणावळ्याच्या हॅचरीत टोर खुद्री वर्षानुवर्षं वाढवली जाते आणि मागितली की मिळते. हीच खुद्री १९७० च्या दशकापासून कावेरीत सोडली. कावेरीचा स्वतःचा, जगात दुसरीकडे कुठेही नसलेला, पन्नास किलोपर्यंत वाढणारा कुबडवाला महसीर तिच्यापुढे मागे पडत गेला. शास्त्रज्ञांनी त्याची नेमकी ओळख टोर रेमादेवी अशी पटवली ती २०१८ मध्ये, आणि त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्त यादीत गेला. "महसीर" एवढंच लिहिलेली पावती मी तरी घेणार नाही.

बडवाहचा_मास्तर

ताईंनी छान सांगितलं. मी चोरलच्या खालच्या अंगाला राहतो, म्हणून इथली परिस्थिती सांगतो, कारण पोस्ट लिहिणारे सगळे वरून, घाटातून बघताहेत.

पावसात चोरल बघाल तर जीव दडपतो. दिवाळीनंतर ती डोह-डोह होते. फेब्रुवारीपासून दोन्ही काठांवर मोटरी लागतात, गहू-चण्याला पाणी जातं. एप्रिलपर्यंत जे डोह उरतात त्यांत जगेल तोच मासा. आणि उरलेल्या डोहांत इन्व्हर्टरचा करंट मारणारी पोरं येतात, एका संध्याकाळी डोह साफ. १६ जून ते १५ ऑगस्ट मासेमारी बंद असते ते बरोबरच आहे, पण इथे मासा मरतो तो मेमध्ये.

दुसरं, स्टॉप डॅम, म्हणजे फळ्या लावून पाणी अडवणारे छोटे बंधारे. सिंचनाला उपयोगाचे आहेत, मी त्यांच्या विरोधात नाही, माझ्याच शेताला त्यांचं पाणी आहे. पण फळ्या वेळेवर काढल्या नाहीत तर पहिल्या पुरात वर चढणारा मासा भिंतीला डोकं आपटतो. आमच्याकडचे केवट म्हणतात, मोठा महसीर आषाढात नर्मदेतून आमच्या नदीत चढायचा, गोट्यांवर अंडी टाकून उतरायचा. आता नर्मदेचंही पाणी ओंकारेश्वरच्या टर्बाइनींच्या तालावर चढतं-उतरतं. वर धरण, खाली सरदार सरोवराची फूग, आणि मधे जेवढी वाहती नदी उरली तेवढ्यात तो फिरतो.

वन विभागाने बडवाह भागात महसीरच्या प्रजननाचे प्रयोग केलेत, हे काकांच्या ग्रुपला माहीत आहे ना? आधी त्यांना भेटा. परस्पर बादली ओतली तर त्यांचं काम बिघडेल.

सुदामानगरचे_काका

मास्तर, गोटे_आणि_गाळ ताई, मनापासून आभार. पावतीवर फक्त "महसीर सीड" एवढंच आहे. मी आजच विचारलं, पुरवठादाराला जात सांगता आली नाही. "साहेब, असली महसीर आहे" एवढंच उत्तर मिळालं.

पण मग आम्ही नुसतं हात बांधून बसायचं का? आणि त्या स्टीलहेडच्या पद्धतीतलं इथे काय चालेल? आमच्यात सगळ्यात तरुण माणूस अठ्ठावन्नचा आहे.

सयाजीगंज_फिशरीज (वडोदरा)

मी या विषयात पदवी घेतलेला माणूस आहे आणि हॅचरीला एवढं खलनायक करू नये असं माझं मत आहे. आयडाहोच्या रेडफिश लेकमध्ये १९९२ साली सॉकाय सॅमनचा एक, अक्षरशः एकच नर परत आला. तेव्हा उरलेल्यांना पकडून, बंदिस्त ठेवून पैदास केली म्हणून तो वंश आज आहे. "नदी सुधारा, मासे आपोआप येतील" हे ऐकायला छान, पण यायला कोणी शिल्लक तर पाहिजे! नर्मदेत टोर टोरची अवस्था वाईट आहे. स्थानिक आईबाप घेऊन शास्त्रशुद्ध पैदास केली तर मी तिच्या बाजूने आहे.

गोटे_आणि_गाळ

वडोदराकर, रेडफिश लेकचं उदाहरण मान्य. पण तिथे एकच आला हे कळलं, कारण दर वर्षी कोणीतरी मोजत होतं. चोरलमध्ये वरच्या डोहांत टोर टोर आहे की नाही, असेल तर पिल्लं आहेत की नुसते म्हातारे मासे, हे आज आपल्यापैकी कोणी सांगू शकतं का? शेवटचा एक उरला असेल तर तुमची हॅचरी हवी. दोनशे उरले असतील आणि मेमध्ये डोह आटून मरत असतील, तर हॅचरीचा पैसा त्या करंटवाल्या पोरांच्या घशात जाईल.

आणि "यायला कोणी शिल्लक पाहिजे" यावर एल्व्हा नदीचं सांगते. वॉशिंग्टन राज्यातल्या या नदीवर १९१३ आणि १९२७ ची दोन धरणं होती, २०११ ते २०१४ या काळात दोन्ही पाडली. सगळ्यांचं लक्ष हॅचरीच्या माशांकडे होतं. पण उन्हाळ्यात वर चढणारा स्टीलहेड, जो संपल्यातच जमा होता, तो परत दिसू लागला. धरणांच्या वर जवळजवळ शंभर वर्षं अडकलेल्या रेनबो ट्राउटमध्ये तो वारसा शिल्लक होता. वाट मोकळी झाल्यावर त्यांची पोरं समुद्रात गेली आणि परत आली. म्हणून काका, स्टॉप डॅमच्या वरचे डोह आधी बघा. महसीर समुद्रात जात नाही, इथली गोष्ट तशीच घडेल असं मी म्हणत नाही. पण वर कोणी अडकून राहिलंय का, हे बघायला पैसे लागत नाहीत.

आता इथे काय चालेल. रेड मोजणं विसरा. महसीर ऐन पावसात अंडी घालतो, तळ दिसणार नाही. फिरता सापळा आपल्या पहिल्याच पुरात बडवाहला पोहोचेल. टॅग घालायला परवानगी आणि प्रशिक्षण दोन्ही लागतं. पण डोहात तोंड बुडवून मोजणं चालतं, आणि मला स्वतःला तेच सगळ्यात आवडायचं. तिकडे आम्ही मास्क आणि स्नॉर्कल लावून उथळ पाण्यातून खालून वर सरपटत जायचो, कारण मासे प्रवाहाकडे तोंड करून असतात आणि मागून येणारा त्यांना उशिरा दिसतो. एक जण मोजतो, दुसरा काठावर लिहितो: बोटाएवढे इतके, वितीएवढे इतके, हाताएवढे इतके. इथे नोव्हेंबर उत्तम, पाणी निवळलेलं असतं आणि मोटरी अजून लागलेल्या नसतात. तेच डोह पुन्हा मार्चमध्ये बघा. नोव्हेंबरला बोटाएवढे दिसले तर या पावसात वीण झाली. मार्चला तेच गायब असतील तर मास्तर म्हणतात ते खरं.

अठ्ठावन्नच्या माणसाने लिहावं, पाण्यात पोहणाऱ्या पोरांना उतरवावं, दोरी आणि काठावर एक माणूस ठेवून. हे वरच्या उथळ डोहांपुरतंच. बडवाहखाली नर्मदेत मगर आहे, तिथे असले उद्योग नकोत.

जोडीला प्रत्येक डोहात तापमान नोंदणारं छोटं यंत्र दगडाला बांधून ठेवा. दर महिन्याला खोलीचा एक आकडा घ्या, त्याच दगडापाशी. आणि केवटांना विचारा, पण "पूर्वी किती होते" असं विचारू नका, त्याला सगळे "खूप" म्हणतात. शेवटचा मोठा महसीर कुठल्या डोहात, कुठल्या महिन्यात धरला ते विचारा.

बडवाहचा_मास्तर

केवटांकडे मी घेऊन जातो. त्यातले दोघे माझे विद्यार्थी होते, थापा मारणार नाहीत. करंटवाल्यांचं म्हणाल तर आमच्या गावात एका डोहावर मंदिर आहे, त्या डोहात कोणी जाळंसुद्धा टाकत नाही. मोजायला आधी तोच घ्या, म्हणजे न छेडलेला डोह कसा असतो ते कळेल. ताईंचा तो खुनी ओढा होता ना तुलनेचा, तसा आपला हा देवाचा.

गोटे_आणि_गाळ

मास्तर, हे फारच उत्तम. अगदी हेच हवं होतं.

सुदामानगरचे_काका

काल ट्रस्टच्या लोकांशी बोललो. पिल्लांची ऑर्डर थांबवली, हे आधी सांगतो. अध्यक्षांचा चेहरा पडला, कारण पाहुण्यांना निमंत्रण गेलं होतं. शेवटी असं ठरलं, की पाहुणे येतील, कार्यक्रम होईल, पण बादलीऐवजी स्टॉप डॅमच्या फळ्या पावसाआधी काढायचा करार त्या गावच्या पंचायतीशी तिथेच करायचा. पंचायत तयार आहे असं मास्तरांनी कळवलंय. फळ्या कोणी काढायच्या आणि पावसानंतर परत कोणी बसवायच्या, मजुरी कोणाची, हे अजून ठरायचंय. मजुरीपैकी निम्मी ट्रस्टने कबूल केली आहे.

दुसऱ्या तटाचे आमचे मित्र अजून रागावलेले आहेत. ते म्हणतात, एवढं सगळं करून मासा दिसलाच नाही तर? मी म्हटलं, मग वहीत "दिसलं नाही" असं लिहू.

ताई, एकच विचारायचं राहिलं. चष्मा लावणाऱ्याला मास्क कसा चालतो? आमच्यातला पोहणारा एकच आहे आणि त्याला जाड भिंगाचा चष्मा आहे.

गोटे_आणि_गाळ

नंबरचं भिंग बसवलेले मास्क मिळतात काका, ऑनलाइन बघा. दोन्ही डोळ्यांचे नंबर वेगळे असतील तर दोन वेगळी भिंगं मागवा. तोवर त्यांना लिहायला बसवा आणि मास्तरांच्या गावातला पोहणारा पोरगा उतरवा.

राजवाडा_भिया

कचोरी आहे ना पण?